काच किती काळी चालेल? गाडीच्या काचा, दिवे आणि कायद्याची मोजपट्टी

एकाच गुंडाळीतली, ७० टक्के प्रकाश आत सोडणारी फिल्म दोन गाड्यांच्या दारांच्या काचांवर लावली, आणि तपासणीत एक गाडी नियमात बसली तर दुसरी बसली नाही, असे होऊ शकते का? होऊ शकते, आणि त्यात तपासणाऱ्याची चूक असण्याचे कारण नाही. पहिल्या गाडीची मूळ काच ८५ टक्के प्रकाश आत सोडत असेल, तर फिल्म लावल्यावर ती ५९.५ टक्के सोडेल. दुसऱ्या गाडीची काच कारखान्यातूनच थोडी हिरवट आलेली असेल आणि मुळात ७० टक्केच प्रकाश सोडत असेल, तर त्याच फिल्मने ती ४९ टक्क्यांवर येईल. किमान मर्यादा ५० टक्के असेल, तर पहिली गाडी सुटली आणि दुसरी अडकली. काळ्या काचांविषयीचे बरेचसे गैरसमज या साध्या गुणाकारातून निर्माण होतात. फिल्मच्या वेष्टनावर छापलेला आकडा एकट्या फिल्मचा असतो, आणि कायदा मोजतो तो काच व फिल्म मिळून बनलेल्या प्रत्यक्ष पडद्याचा.

ज्या राशीवर हे सगळे उभे आहे, तिला दृश्य प्रकाशाचे पारगमन म्हणतात. काचेवर पडलेल्या डोळ्यांना दिसणाऱ्या प्रकाशापैकी किती टक्के प्रकाश पलीकडे पोहोचतो, हे त्या आकड्यातून कळते. त्यामुळे आकडा जितका लहान, तितकी काच अधिक काळी. बोलताना मात्र 'पन्नास टक्के काळी' आणि 'पन्नास टक्केवाली' हे शब्दप्रयोग सरमिसळ होतात, आणि 'वीस टक्के टिंट' म्हणजे वीस टक्के प्रकाश अडतो की वीस टक्केच आत येतो, यावरून ग्राहक आणि फिल्म लावणारा यांच्यात हमखास घोटाळा होतो. अगदी स्वच्छ, रंगहीन काचसुद्धा शंभर टक्के प्रकाश सोडत नाही, कारण तिच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे चार टक्के प्रकाश परावर्तित होतो. त्यात काचेतल्या लोहाचा हिरवट रंग मिसळला की कारखान्यातून आलेली साधी काच बहुधा सत्तर ते पंच्याऐंशी टक्क्यांच्या दरम्यान असते. जिथे ७० टक्क्यांची अट आहे, तिथे ७७ टक्क्यांच्या काचेवर ९० टक्क्यांची, म्हणजे डोळ्यांना जेमतेम जाणवेल अशी फिल्म लावली तरी गुणाकार ६९.३ येतो. 'अहो, ही तर दिसतसुद्धा नाही' हा युक्तिवाद मापनयंत्रापुढे टिकत नाही तो यामुळे.

७० हा आकडा जगभर वारंवार भेटतो. वाहनांच्या सुरक्षा काचांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा जो नियम क्रमांक ४३ आहे, त्यात चालकाला समोरचे पाहण्यासाठी आवश्यक असलेल्या काचांना किमान ७० टक्क्यांची अट आहे. अमेरिकेच्या केंद्रीय सुरक्षा मानक क्रमांक २०५ मध्येही चालकाच्या दृष्टीसाठी आवश्यक काचांना हाच उंबरठा आहे. मात्र एकच आकडा दोन्हीकडे दिसतो म्हणून दोन्हीकडचा कायदा एकच आहे असे समजू नये. अमेरिकेतले केंद्रीय मानक प्रामुख्याने नवी गाडी कशी बनवावी हे सांगते. गाडी विकत घेतल्यानंतर मालकाने तिच्यावर काय लावावे, हे प्रत्येक राज्य आपल्या कायद्याने ठरवते. न्यूयॉर्कमध्ये चालकाच्या शेजारच्या दाराच्या काचेला ७० टक्क्यांची अट आहे, तर फ्लोरिडात २८ आणि टेक्सासमध्ये २५ टक्क्यांपर्यंत मुभा आहे. एका राज्यात नियमात बसणारी गाडी दुसऱ्या राज्याच्या हद्दीत शिरताच नियमबाह्य ठरू शकते, हे तिथल्या मालकांना बहुधा पहिल्या दंडानंतरच कळत असावे.

ब्रिटनमध्ये १ एप्रिल १९८५ पासून वापरात आलेल्या गाड्यांच्या पुढच्या काचेला ७५ टक्के आणि पुढच्या दारांच्या काचांना ७० टक्के अशी मर्यादा आहे. मागच्या दारांच्या आणि पाठीमागच्या काचेला मर्यादाच नाही. जपानमध्ये पुढची काच आणि पुढची दारे ७० टक्के, मागे मोकळीक. फ्रान्सने पुढच्या दारांच्या काचांसाठी ७० टक्क्यांची अट १ जानेवारी २०१७ पासून काटेकोरपणे लागू केली. जर्मनीत पुढच्या आणि मागच्या दारांमधल्या खांबाच्या मागच्या काचांवर फिल्म चालते, परंतु ती फिल्म मान्यताप्राप्त असावी लागते आणि पुढच्या दारांवर लावता येत नाही. ऑस्ट्रेलियातल्या बहुतेक राज्यांत पुढच्या दारांना ३५ टक्क्यांपर्यंत परवानगी आहे. आकडे वेगळे असले, तरी या सगळ्यांत एक सूत्र आढळते: चालकाच्या पुढे आणि त्याच्या दोन्ही खांद्यांच्या बाजूला जे आहे, ते जवळजवळ स्वच्छ दिसले पाहिजे. मागे बसलेल्या प्रवाशाच्या खाजगीपणाला जागा आहे, कारण मागच्या वाहतुकीसाठी चालकाकडे दोन बाहेरचे आरसे असतात. अमेरिकेतल्या अनेक राज्यांत तर पाठीमागची काच काळी करायची असेल, तर दोन्ही बाजूंना आरसे असलेच पाहिजेत अशी थेट अट आहे.

मग सत्तरच का, पन्नास का नको? भर दुपारी तीस टक्के प्रकाश कमी झाला तर डोळ्यांना तो कळतही नाही, कारण उजेड खूप असताना डोळा आपोआप जुळवून घेतो. प्रश्न उभा राहतो तो संध्याकाळी, पावसात, बोगद्यात आणि दिवे नसलेल्या रस्त्यावर. तिथे मुळातच प्रकाश इतका कमी असतो की गडद कपडे घातलेला पादचारी आणि त्याच्यामागची काळोखी यांतला फरक जेमतेम जाणवत असतो, आणि काचेने उरलेल्या प्रकाशातला निम्मा काढून घेतला की तो जेमतेम फरकही जातो. त्यात वयाचा भाग आहे. साठीच्या माणसाच्या डोळ्यातले भिंग पिवळट झालेले असते आणि बाहुली तरुणपणाइतकी मोठी होत नाही, त्यामुळे त्याच्या दृष्टिपटलापर्यंत विशीतल्या माणसाच्या तुलनेत सुमारे एक तृतीयांश प्रकाश पोहोचतो. फिल्म निवडताना आपण ती दुकानात, दिवसा, उजेडात पाहतो. तिची खरी परीक्षा रात्री वळणावर होते.

दुसरे कारण क्वचितच सांगितले जाते. रहदारीत चालक फक्त स्वतःच्या काचेतून पाहत नाही. तो पुढच्या गाडीच्या पाठीमागच्या काचेतून शिरून तिच्या पुढच्या काचेतून बाहेर, त्याही पुढच्या गाडीचे लाल दिवे पाहत असतो, आणि त्यामुळे त्याला ब्रेक लावण्यासाठी थोडा आगाऊ अवसर मिळतो. मधल्या गाडीच्या दोन्ही काचा ७० टक्क्यांच्या असतील तर तिच्यातून आरपार ४९ टक्के प्रकाश येतो. तिची मागची काच २० टक्क्यांची असेल तर १४ टक्केच. म्हणजे काळ्या काचेची किंमत त्या गाडीचा मालक एकटाच मोजत नाही, तिच्या मागून येणाराही मोजतो. चौकात पायी रस्ता ओलांडणारा माणूस चालकाच्या चेहऱ्याकडे पाहून त्याने आपल्याला पाहिले की नाही याचा अंदाज घेतो. काळ्या काचेआड तो चेहराच नसतो. गाडीत काय चालले आहे हे बाहेरून दिसावे, ही पोलिसांची गरज या सगळ्यानंतर येते, जरी सार्वजनिक चर्चेत तीच सर्वांत पुढे असते.

भारताचे उदाहरण इथे वेगळे काढून पाहण्यासारखे आहे, कारण नियमाचा आकडा एक असूनही त्याचा अर्थ बदलत जातो हे त्यात स्पष्ट दिसते. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १०० प्रमाणे पुढच्या आणि पाठीमागच्या काचेतून किमान ७० टक्के, तर बाजूच्या काचांतून किमान ५० टक्के प्रकाश आत आला पाहिजे. अनेक वर्षे याचा अर्थ लोकांनी असा लावला की इतका प्रकाश येत असेल तर फिल्म लावायला हरकत नाही. अविषेक गोएंका यांच्या याचिकेवर २७ एप्रिल २०१२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने वेगळा अर्थ सांगितला. नियमातली अट सुरक्षा काचेची आहे, म्हणजे काच मुळात तशी घडवलेली असली पाहिजे, आणि तिच्यावर नंतर काही चिकटवण्याची परवानगी त्या नियमात कुठेच नाही, असा तो तर्क होता. म्हणून प्रकाश कितीही येत असो, सुरक्षा काचेवर काळी फिल्म किंवा अन्य पदार्थ लावण्यास ४ मे २०१२ पासून मनाई झाली, आणि झेड व झेड प्लस दर्जाची सुरक्षा असलेल्यांपुरताच अपवाद राहिला. म्हणजे कारखान्यातून रंगीत आलेली ५५ टक्क्यांची काच चालते, आणि स्वच्छ काचेवर फिल्म लावून मिळवलेले तेच ५५ टक्के चालत नाहीत, अशी स्थिती आली. भौतिकशास्त्राला हा फरक ठाऊक नाही, पण नियमाच्या शब्दांना तो होता.

त्यानंतर ते शब्दच बदलले. १ एप्रिल २०२१ पासून लागू झालेल्या दुरुस्तीने 'सुरक्षा काच' याबरोबर एक व्यापक संज्ञा नियमात आली, जिच्यात आतल्या बाजूने प्लास्टिकचा थर असलेली काचही मोडते. केरळ उच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये या दुरुस्तीच्या आधारे असे ठरवले की ७० आणि ५० टक्क्यांच्या मर्यादा पाळणारी फिल्म लावली म्हणून दंड करता येणार नाही. उच्च न्यायालयाचा निर्णय त्याच्या अधिकारक्षेत्रात बंधनकारक असतो आणि अन्यत्र त्याचा केवळ दाखला देता येतो, त्यामुळे 'आता सगळीकडे फिल्म चालते' असा त्याचा अर्थ काढणे धाडसाचे ठरेल. फिल्म लावण्याचे ठरवलेच, तर तिचा दर्जा आणि पारगमन दाखवणारे कागद गाडीत असावेत, आणि मूळ काच किती प्रकाश सोडते हे फिल्म लावण्याआधी मोजून घ्यावे.

मूळ काचेविषयी बरीच माहिती काचेच्या कोपऱ्यातल्या बारीक छापातच असते. तिथे वर्तुळात 'ई' हे रोमन अक्षर आणि मान्यता देणाऱ्या देशाचा क्रमांक असेल, तर ती काच युरोपीय आयोगाच्या नियमानुसार तपासलेली आहे, आणि त्यासोबत रोमन 'व्ही' हे अक्षर असेल तर ती मुळातच ७० टक्क्यांहून कमी प्रकाश सोडते. अमेरिकी मानकाच्या काचांवर 'एएस-१', 'एएस-२' असे वर्ग छापलेले असतात. पुढच्या काचेच्या वरच्या भागात 'एएस-१' ही खूण बाणासह असते, आणि अनेक राज्यांत पुढच्या काचेवर फिल्मची पट्टी लावायची तर ती त्या खुणेच्या वरच राहिली पाहिजे.

फिल्म लावणाऱ्यांपैकी बहुतेकांना अंधार नको असतो, त्यांना गारवा हवा असतो, आणि या दोन गोष्टी एकच आहेत हा समज महागात पडतो. सूर्याकडून येणाऱ्या ऊर्जेचा साधारण निम्मा भाग डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांत असतो. स्वस्त, रंगाच्या फिल्ममध्ये पॉलिएस्टरच्या थरात केवळ रंग असतो. ती दिसणारा प्रकाश अडवते, स्वतः तापते, आणि काही वर्षांत रंग विरून जांभळी पडते. सिरॅमिक प्रकारची फिल्म अवरक्त भाग निवडून अडवते, त्यामुळे ती जवळजवळ पारदर्शक असूनही गाडीतली तलखी कमी करू शकते. म्हणजे ज्याला खरोखर उष्णतेपासून सुटका हवी आहे, त्याला कायदा मोडण्याची गरज बऱ्याचदा नसते. धातूचा थर असलेली फिल्मही उष्णता परतवते, पण ती रेडिओलहरीही अडवते, आणि मग टोलचा टॅग वाचला न जाणे किंवा जीपीएसचा संकेत तुटणे अशा तक्रारी सुरू होतात. अतिनील किरणांबाबत तर पुढच्या काचेची काळजी करण्याचे कारणच नाही. दोन काचांमध्ये प्लास्टिकचा थर घालून बनवलेली ती काच जवळजवळ सगळे अतिनील किरण अडवते. बाजूच्या कडक केलेल्या एकेरी काचेतून मात्र त्यांचा एक भाग आत येतो. ज्यांना त्वचेच्या विकारामुळे ऊन वर्ज्य आहे, त्यांच्यासाठी काही ठिकाणी वैद्यकीय प्रमाणपत्रावर सवलत मिळते, पण ती आधी अर्ज करून घ्यावी लागते. दंड झाल्यावर डॉक्टरांची चिठ्ठी दाखवून उपयोग होतोच असे नाही.

दिव्यांचा प्रश्न काचांपेक्षा सोपा वाटतो, आणि लोक चुकतात ते तिथेच अधिक. काचेला टक्केवारीची एक किमान मर्यादा असते आणि तिच्या वर थोडी मोकळीक असते. दिव्याला तशी मोकळीक सहसा नसते, कारण दिवा हा एकसंध, मान्यता मिळालेला भाग असतो: त्याची तीव्रता, रंग आणि प्रकाश कोणत्या कोनात किती पसरावा, हे सगळे एकत्र तपासून त्याच्या भिंगावर, म्हणजे बाहेरच्या पारदर्शक आवरणावर, मान्यतेची खूण छापलेली असते. त्या भिंगावर धुरकट फिल्म चिकटवली किंवा काळा फवारा मारला की तपासला गेलेला दिवा उरतच नाही. म्हणून 'किती टक्के चालेल' हा प्रश्न दिव्यांबाबत बहुतेक ठिकाणी गैरलागू ठरतो.

मागच्या दिव्यांचे गणित पाहा. युरोपीय नियमांत मागच्या साध्या लाल दिव्याची किमान तीव्रता ४ कॅन्डेला (प्रकाशाच्या तीव्रतेचे एकक) आणि ब्रेकच्या दिव्याची ६० कॅन्डेला अशी ठेवलेली आहे. ४० टक्के प्रकाश सोडणारी धुरकट फिल्म लावली, तर किमान तीव्रतेच्या आसपास असलेला ब्रेकचा दिवा २४ वर आणि साधा दिवा १.६ वर येतो. दोन्ही सारख्याच प्रमाणात मंदावतात, म्हणून रात्री गाडीमागे उभे राहून पाहणाऱ्या मालकाला दोघांतला फरक स्पष्ट दिसतो आणि त्याचे समाधान होते. पण ब्रेकच्या दिव्याची कसोटी भर उन्हात लागते. सूर्य मागून थेट भिंगावर पडलेला असताना फिल्मच्या चकचकीत पृष्ठभागावरचे प्रतिबिंब आणि आतला मंद दिवा यांत दिवा लागला आहे की नाही हेच कळत नाही. ताशी ९० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात २५ मीटर जाते. मागच्या चालकाला ओळखायला अर्धा सेकंद उशीर झाला, तर ती साडेबारा मीटर पुढे आलेली असते.

याहून दुर्लक्षित भाग म्हणजे परावर्तक. मागच्या दिव्यांच्या संचातच बहुधा लाल परावर्तक बसवलेला असतो, आणि गाडी अंधारात बंद उभी असताना मागून येणाऱ्याच्या दिव्याचा प्रकाश परतवून तोच तिचे अस्तित्व दाखवतो. त्याच्यावर फिल्म असेल तर प्रकाश ती दोनदा ओलांडतो, एकदा आत जाताना आणि एकदा परतताना. ५० टक्क्यांची फिल्म परावर्तकाला २५ टक्क्यांवर आणते, ४० टक्क्यांची १६ टक्क्यांवर.

रंगांबाबत आंतरराष्ट्रीय संकेत जुना आणि पक्का आहे. रस्ता वाहतुकीविषयीच्या १९६८ च्या व्हिएन्ना करारानुसार गाडीच्या पुढून लाल आणि मागून पांढरा प्रकाश दिसता कामा नये. मागे पांढरा चालतो तो गाडी मागे घेतानाच्या दिव्यापुरता. कारण उघड आहे: अंधारात लाल दिसला की गाडी आपल्यापासून दूर जाते आहे आणि पांढरा दिसला की आपल्याकडे येते आहे, हे चालक विचार न करता ओळखतो. पुढच्या दिव्यांवर निळी, जांभळी किंवा लाल फिल्म लावणे म्हणजे ही ओळखच पुसणे होय. पिवळ्या दिव्यांची गोष्ट थोडी निराळी आहे. फ्रान्समध्ये १९९३ पर्यंत पुढचे दिवे पिवळेच असावे लागत, आणि धुक्यासाठीच्या पुढच्या दिव्यांना आजही अनेक नियमांत विशिष्ट पिवळा रंग चालतो. मात्र चालतो तो तसा बनवलेला दिवा. पांढऱ्या दिव्यावर पिवळी फिल्म चिकटवून तोच दर्जा मिळत नाही.

पुढच्या दिव्यावर फिल्म लावल्याने आणखी एक बिघाड होतो, जो मालकाला कधीच दिसत नाही. या दिव्याचा झोत वरच्या बाजूला एका रेषेत कापलेला असतो, जेणेकरून समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांवर तो पडू नये. फिल्मखाली राहिलेले हवेचे बुडबुडे, सुरकुत्या आणि ओबडधोबड फवारा यांमुळे प्रकाश विखुरतो आणि त्या रेषेच्या वर जातो. परिणामी स्वतःला रस्ता कमी दिसतो आणि समोरच्याचे डोळे मात्र दिपतात.

तपासणीची पद्धतही समजून घ्यावी. काचेसाठी एका हातात मावेल इतके दोन भागांचे यंत्र असते. एका बाजूने प्रकाश सोडायचा, दुसऱ्या बाजूने मोजायचा. ते प्रमाणित आहे की नाही आणि मोजण्याआधी काच पुसली होती की नाही, हे विचारण्याचा चालकाला हक्क आहे, कारण धूळसुद्धा काही टक्के खाते. दिव्यांसाठी बहुतेकदा यंत्र लागतच नाही. भिंगावर फिल्म आहे हे दिसले की पुरे. आणि दोन्ही बाबतींत उत्तरदायी ठरतो तो सर्वसाधारणपणे गाडी रस्त्यावर आणणारा, मग फिल्म आधीच्या मालकाने लावलेली का असेना. जुनी गाडी घेताना इंजिनाचा आवाज लोक कान देऊन ऐकतात. काचेचा आकडा कोणी मोजून घेत नाही.

भारताच्या नियम १०० मध्ये काच 'अशी असावी' इतकेच म्हटलेले नाही, ती 'तशा स्थितीत राखली जावी' असेही म्हटले आहे. ही राखण्याची जबाबदारी दिव्यांनाही लागू पडण्यासारखी आहे, कारण आजच्या पुढच्या दिव्यांची भिंगे पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची असतात, आणि त्यांच्यावरचा संरक्षक थर झिजला की उन्हातले अतिनील किरण त्यांना हळूहळू पिवळट आणि धुरकट करतात. कोणीही फिल्म लावलेली नसते, तरी दिवा तितकाच मंद होतो. अशा भिंगाला घासून, चकाकी देऊन वर नवा संरक्षक थर द्यावा लागतो. नुसते घासून सोडले तर काही महिन्यांत ते पुन्हा पिवळे पडते.